मोबाइल नेटवर्कमध्ये ॲप्लिकेशन सर्व्हर हलवताना कनेक्शन वारंवार तुटत असेल तर

तक्रार साधारणपणे अशी येते. वापरकर्ता एका जागी बसलेला असेपर्यंत सेवा उत्तम चालते. तो गाडीतून किंवा रेल्वेतून जाऊ लागला की एका ठरावीक पट्ट्यात चित्र गोठते, दूरच्या यंत्राला दिलेली आज्ञा हरवते किंवा ॲपमध्ये ‘पुन्हा जोडत आहे’ हा संदेश फिरत राहतो. रेडिओचे लॉग पाहिले तर हँडओव्हर (फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाणे) यशस्वी झालेला दिसतो, सिग्नल भरपूर असतो, सर्व्हरवरही ताण नसतो. प्रत्येक विभाग आपल्याकडच्या पुराव्यानिशी निर्दोष ठरतो आणि अडचण दुसऱ्या दिवशी त्याच पट्ट्यात पुन्हा उभी राहते.

ज्या नेटवर्कमध्ये ॲप्लिकेशन सर्व्हर वापरकर्त्याच्या जवळ, म्हणजे नेटवर्कच्या काठावर ठेवलेले असतात आणि वापरकर्ता पुढे सरकला की सेवा एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेली जाते, तेथे ही तक्रार नेहमीची आहे. अशा बहुतेक प्रकरणांत कोणताही एक भाग बिघडलेला नसतो. नवा सर्व्हर तयार करणे, सत्राची स्थिती तेथे पोहोचवणे, पॅकेटांचा मार्ग बदलणे, क्लायंटला कळवणे आणि जुना सर्व्हर सोडणे ही पाच कामे वेगवेगळ्या यंत्रणा करतात आणि त्यांचा क्रम कोणीच सांभाळत नाही. म्हणून पुढची सगळी तपासणी ‘काय बिघडले’ यापेक्षा ‘कशाच्या आधी काय झाले’ या प्रश्नाभोवती केली आहे.

आधी नेमके काय हलले ते ठरवा

टीसीपी कनेक्शनची ओळख चार गोष्टींनी ठरते: क्लायंटचा आयपी पत्ता, त्याचा पोर्ट, सर्व्हरचा आयपी पत्ता आणि त्याचा पोर्ट. यातली एक जरी बदलली तरी दोन्ही टोकांच्या दृष्टीने ते वेगळे कनेक्शन असते. मोबाइल नेटवर्कमध्ये या चौकटीला तीन बाजूंनी धक्का बसू शकतो आणि तिन्ही प्रकार वापरकर्त्याला सारखेच दिसत असल्यामुळे त्यांची गल्लत होते.

पहिला प्रकार क्लायंटचा पत्ता बदलण्याचा. ५जीमध्ये प्रत्येक पीडीयू सेशनला (फोन आणि डेटा नेटवर्क यांच्यातल्या जोडणीला) एक एसएससी मोड, म्हणजे फोन सरकल्यावर जोडणी कशी टिकवायची याचा प्रकार, असतो. तो सेशन उभे राहताना ठरतो आणि सेशन संपेपर्यंत बदलत नाही. मोड १ मध्ये अँकर, म्हणजे स्थिर टोक, म्हणून काम करणारे यूपीएफ (वापरकर्त्याची पॅकेटे पुढे पाठवणारा नेटवर्कचा घटक) आणि क्लायंटचा पत्ता कायम राहतो. मोड २ मध्ये नेटवर्क जुने सेशन सोडून देते आणि फोनला लगेच नवे उभारायला सांगते. म्हणजे मध्ये खंड पडणार हे गृहीतच असते. मोड ३ मध्ये नवा मार्ग आधी उभा राहतो आणि जुना थोडा वेळ सोबत चालतो, पण पत्ता मात्र बदलतो. सेवेला कोणता मोड मिळाला आहे हे अनेक ॲप्लिकेशन टीमना माहीतच नसते. तक्रार हाती आल्यावर मी सर्वप्रथम हेच विचारतो, कारण मोड २ वर चालणाऱ्या सेवेत सर्व्हरच्या बाजूने कितीही सुधारणा केली तरी तो खंड जाणार नाही.

दुसरा प्रकार मार्ग बदलण्याचा. अपलिंक क्लासिफायर (फोनकडून येणारी पॅकेटे ठिकाणानुसार वाटणारा घटक) वापरणाऱ्या रचनेत क्लायंटचा पत्ता तसाच राहतो आणि जवळच्या डेटा नेटवर्ककडे जाणारी पॅकेटे स्थानिक यूपीएफकडे वळवली जातात. वापरकर्ता सरकला की हे स्थानिक यूपीएफ बदलते. येथे क्लायंटला काहीच कळत नाही. मात्र त्या यूपीएफच्या पलीकडे नॅट (पॅकेटांवरचे पत्ते बदलणारी व्यवस्था) लावलेले असेल तर सर्व्हरला दिसणारा क्लायंटचा पत्ता बदलतो आणि सर्व्हर जागचा न हलताही कनेक्शन मरते. दोन्ही टोके आपला पत्ता बदललेला नाही असे प्रामाणिकपणे सांगत असल्यामुळे हा दोष शोधायला सर्वांत जास्त वेळ लागतो. त्यासाठी क्लायंटवरचा आणि सर्व्हरवरचा कॅप्चर (आल्यागेलेल्या पॅकेटांची नोंद) शेजारी शेजारी ठेवून पत्ते जुळतात का ते पाहावे.

तिसरा प्रकार खुद्द सर्व्हर बदलण्याचा. येथे सर्व्हरचा पत्ता बदलतो किंवा पत्ता तोच राहून त्यामागचे यंत्र बदलते. या दोहोंची लक्षणे पुष्कळ वेगळी असल्यामुळे त्याकडे थोडे बारकाईने पाहू.

कनेक्शन कसे मेले ते पॅकेटांत वाचा

समजा, क्लायंटवर घेतलेल्या कॅप्चरमध्ये सर्व्हरकडून येणाऱ्या पॅकेटांचा टीटीएल (प्रत्येक टप्प्यावर एकने घटणारा आकडा) बराच वेळ सातत्याने ५२ दिसतो आहे. मग क्लायंट एक डेटा पॅकेट पाठवतो आणि उत्तरादाखल त्याच पत्त्यावरून, त्याच पोर्टवरून रीसेट (कनेक्शन तोडणारे पॅकेट) येते, पण त्याचा टीटीएल ६१ असतो. बहुतेक यंत्रे ६४ पासून मोजणी सुरू करतात हे लक्षात घेतले तर आधीची पॅकेटे बारा टप्पे ओलांडून येत होती आणि हे रीसेट तीनच टप्प्यांवरून आले. याचा अर्थ, त्या पत्त्यामागे आता दुसरे, जवळचे यंत्र उभे आहे आणि त्याला हे कनेक्शन ठाऊक नाही. अनोळखी कनेक्शनचे पॅकेट आले की रीसेट पाठवणे हे टीसीपीचे नियमाप्रमाणे वागणे आहे. त्यात त्या सर्व्हरचा दोष नाही. एनीकास्ट पत्त्यावर (अनेक यंत्रांना दिलेल्या एकाच पत्त्यावर) सेवा चालवणाऱ्यांना हे दृश्य हमखास दिसते. मार्ग नव्या यूपीएफकडे वळला, तेथून जवळचा सर्व्हर गाठला गेला आणि सत्राची स्थिती मात्र मागेच राहिली.

टीटीएलमधला हा फरक एकटा निर्णायक मानू नये, कारण मधली फायरवॉलही सर्व्हरच्या नावाने रीसेट पाठवू शकते. नव्या सर्व्हरवर त्याच क्षणी कॅप्चर घेतला आणि तेथून रीसेट निघाल्याचे दिसले की शंका उरत नाही. त्यासाठी दोन्ही यंत्रांची घड्याळे एनटीपीने जुळलेली असावीत. नाहीतर मिलिसेकंदांचा क्रम लावायला बसणे व्यर्थ आहे.

रीसेट न येता नुसती शांतता असेल तर कारण वेगळे असते. क्लायंट तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतो, प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ दुप्पट होत जातो आणि पलीकडून काहीही येत नाही. जुना पत्ता बंद झालेला असतो, किंवा नव्या मार्गावरच्या स्टेटफुल फायरवॉलने कनेक्शनची सुरुवात पाहिलेली नसल्यामुळे ती मधूनच आलेली पॅकेटे गुपचूप टाकून देत असते. वापरकर्त्याच्या दृष्टीने ही शांतता रीसेटपेक्षा वाईट. रीसेट आल्यावर ॲप निदान लगेच नवे कनेक्शन उघडू शकते. शांततेत मात्र लिनक्सच्या मूळ मांडणीप्रमाणे पुन्हा पाठवण्याचे १५ प्रयत्न संपायला सुमारे १५ मिनिटे लागतात. ‘कीपअलाइव्ह चालू आहे, मग कळेलच’ या समजुतीतही अर्थ नाही, कारण कनेक्शन जिवंत आहे का हे तपासणाऱ्या या सोयीची मूळ मांडणी ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास, कनेक्शन निष्क्रिय राहिल्यानंतर पहिली चाचणी पाठवण्याची आहे. त्यामुळे ज्या सेवेत सर्व्हर हलतो तेथे सॉकेटवर टीसीपीचा यूजर टाइमआउट (पावती न मिळालेल्या डेटासाठी थांबण्याची मर्यादा) सेवेच्या सहनशीलतेनुसार ठरवून द्यावा आणि ॲप्लिकेशनच्या पातळीवर स्वतःचा हार्टबीट, म्हणजे जिवंत असल्याचा नियमित संदेश, ठेवावा. याने तुटणे थांबत नाही, पण तुटलेले वेळेत कळते, आणि पुढचे सगळे उपाय त्यावरच उभे आहेत.

आणखी एक फसवे लक्षण असते. कनेक्शन जिवंत असते, छोट्या विनंत्यांना उत्तरे मिळतात, पण मोठी फाइल किंवा व्हिडिओचा तुकडा अडकून बसतो. अशा वेळी नव्या मार्गावरचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) तपासावा. मोबाइल कोअरमध्ये वापरकर्त्याची पॅकेटे जीटीपी-यू टनेलमधून जातात आणि त्या वेष्टणाला जागा लागते. नव्या ठिकाणच्या लिंकवर तेवढी मोकळीक ठेवलेली नसेल आणि ‘पॅकेट मोठे आहे’ हा आयसीएमपी संदेशही फायरवॉल अडवत असेल, तर मोठी पॅकेटे कोणालाही न कळता गडप होतात. लिंकचा एमटीयू वाढवणे हा खरा उपाय. ते हातात नसेल तर सर्व्हरवर टीसीपीचे एमटीयू प्रोबिंग (पोहोचू शकेल असा पॅकेटचा आकार स्वतः शोधणे) चालू करावे आणि ते आयसीएमपी संदेश मोकळे करावेत.

नवा पत्ता जाहीर केला, तरी क्लायंट जुन्याकडेच जातो

डीएनएसमधली (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतली) नोंद बदलली आणि तिचा टीटीएल (येथे नोंद लक्षात ठेवण्याची मुदत) ३० सेकंदांचा ठेवला म्हणजे अर्ध्या मिनिटात सगळे क्लायंट नव्या सर्व्हरवर येतील, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात डीएनएसचा संबंध फक्त नवे कनेक्शन उघडण्याशी येतो. एचटीटीपी क्लायंट आपल्या कनेक्शन पूलमध्ये जुने कनेक्शन तासन्‌तास धरून ठेवतो आणि ते जिवंत असेपर्यंत नाव पुन्हा विचारायची त्याला गरजच पडत नाही. शिवाय काही ॲप स्वतःची डीएनएस कॅश बाळगतात, काही एचटीटीपीएसवरून बाहेरच्याच रिझॉल्व्हरला (पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरला) विचारतात. थ्रीजीपीपी या मोबाइल मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या रिलीज १७ मध्ये टीएस २३.५४८ या मानकाने एज (काठावरचा) सर्व्हर शोधण्यासाठी ईएएसडीएफ हा डीएनएसची उत्तरे हाताळणारा घटक आणला आणि सर्व्हर नव्याने शोधावा अशी सूचना नेटवर्ककडून फोनला देण्याची सोयही केली. पण ती सूचना फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत पोहोचते, ॲपच्या खाजगी कॅशपर्यंत पोहोचेलच असे नाही. बाहेरचा रिझॉल्व्हर वापरणाऱ्या ॲपला तर ईएएसडीएफचे उत्तर कधीच मिळत नाही.

म्हणून जुन्या सर्व्हरनेच क्लायंटला ‘आता माझ्याकडे नवे काम आणू नकोस’ असे सांगितले पाहिजे. एचटीटीपी/२ मध्ये यासाठी गोअवे ही फ्रेम, म्हणजे प्रोटोकॉलचा संदेश, आहे आणि ती नीट वापरायची असेल तर दोनदा पाठवावी लागते. पहिल्या फ्रेममध्ये शेवटच्या स्ट्रीमचा (एका विनंती-उत्तराच्या प्रवाहाचा) क्रमांक शक्य तेवढा मोठा, म्हणजे २१४७४८३६४७, द्यायचा. त्याचा अर्थ एवढाच की सर्व्हर निघण्याच्या तयारीत आहे, पण वाटेत असलेल्या विनंत्या तो अजून स्वीकारेल. निदान एका फेरीइतका वेळ गेल्यावर दुसरी फ्रेम पाठवायची आणि तिच्यात खरोखर हाती घेतलेल्या शेवटच्या स्ट्रीमचा क्रमांक द्यायचा. त्यापुढच्या क्रमांकाच्या विनंत्यांवर काहीच प्रक्रिया झालेली नाही हे क्लायंटला खात्रीने कळते आणि त्या तो निर्धास्तपणे नव्या सर्व्हरकडे पाठवू शकतो. पहिली फ्रेम वगळून थेट दुसरी पाठवणारे सर्व्हर पुष्कळ आहेत. त्यांच्यात वाटेत असलेल्या विनंत्या नाकारल्या जातात आणि ॲपमध्ये ‘कधीतरी येणारी’ त्रुटी म्हणून दिसतात. वेबसॉकेटमध्ये इतकी नाजूक सोय नाही. तेथे १००१ या कोडने कनेक्शन बंद करणे एवढेच हातात असते आणि क्लायंटने तो कोड ओळखून, वापरकर्त्याला त्रुटी न दाखवता पुन्हा जोडणे अपेक्षित असते.

सगळ्या क्लायंटना एकाच क्षणी गोअवे पाठवू नये. हजारो फोन एकदम नव्या सर्व्हरवर टीएलएस हँडशेक (सुरक्षित जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण) करू लागले तर तो पहिल्या मिनिटातच गुदमरतो आणि मग खरोखरच कनेक्शने तुटू लागतात. निरोप टप्प्याटप्प्याने द्यावा, आणि पुन्हा जोडण्याच्या प्रयत्नांमधले अंतर वाढते व थोडे यादृच्छिक ठेवावे.

क्रम कोण सांभाळणार

नेटवर्क आणि ॲप्लिकेशन यांना एकमेकांची चाहूल लागण्याची सोय मानकांमध्ये आहे, पण ती न वापरताच सेवा चालू केल्या जातात, आणि माझ्या मते वारंवार तुटण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. ५जी कोअरमध्ये ॲप्लिकेशन फंक्शनला (सेवेच्या वतीने नेटवर्कशी बोलणाऱ्या घटकाला) मार्गबदलाची सूचना मागता येते. ही सूचना दोन प्रकारची असते: मार्ग बदलण्याआधीची आणि नवा मार्ग ठरल्यावरची. शिवाय ॲप्लिकेशन फंक्शनकडून होकार येईपर्यंत एसएमएफने (सेशन आणि त्याचा मार्ग सांभाळणाऱ्या घटकाने) थांबावे अशीही व्यवस्था करता येते. ही व्यवस्था चालू नसेल तर यूपीएफ आपल्या वेळापत्रकाने बदलते, ऑर्केस्ट्रेटर (ॲप्लिकेशन कोणत्या यंत्रावर चालवायचे ते ठरवणारी यंत्रणा) आपल्या वेळापत्रकाने कंटेनर (ॲप्लिकेशनचा चालता संच) हलवतो आणि दोन्ही घटना कधी जुळतात, कधी चुकतात. तक्रार कधी येते आणि कधी येत नाही, याचे उत्तर बहुधा येथेच सापडते.

योग्य क्रमात नवा सर्व्हर आधी उभा राहतो आणि त्यावर ॲप्लिकेशन खरोखर विनंत्या घेण्याच्या स्थितीत आहे याची खात्री होते. कंटेनर चालू झाला म्हणजे सेवा तयार झाली असे नव्हे. त्यानंतर सत्राची स्थिती नेली जाते. ती पोहोचल्याची पावती मिळाल्यावरच ॲप्लिकेशन फंक्शन एसएमएफला होकार देते, मार्ग वळतो, क्लायंटला निरोप जातो, आणि जुना सर्व्हर शेवटचे सत्र संपेपर्यंत किंवा ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंत जागेवर राहतो. मोड ३ चे सेशन असेल तर जुन्या पत्त्याचे उरलेले आयुष्य नेटवर्क फोनला कळवू शकते. जुना सर्व्हर त्याहून आधी बंद होणार नाही हे जुळवून घ्यावे. एका टीमने मुदत ठरवायची आणि दुसरीने तिच्याकडे न पाहता सर्व्हर बंद करायचा, ही तफावत कॉन्फिगरेशनच्या दोन फायली शेजारी उघडल्या तरी दिसून येते.

मार्ग वळण्याच्या नेमक्या क्षणी काही पॅकेटे जुन्या वाटेवर असतात आणि काही नव्या. टीएस २३.५४८ मध्ये यासाठी नव्या यूपीएफवर अपलिंकची पॅकेटे थोडा वेळ रोखून धरण्याची आणि दोन्ही अँकर एकाच वेळी चालू ठेवण्याची रीत दिली आहे. उपकरणांत ती उपलब्ध असेल तर वापरावी. नसेल तर त्या क्षणी पॅकेटे मागेपुढे होतील, टीसीपी काही पॅकेटे विनाकारण पुन्हा पाठवील आणि वेग क्षणभर खाली येईल. हा क्षणिक उतार आणि तुटणे या वेगळ्या गोष्टी आहेत आणि तक्रारींच्या नोंदीतही त्या वेगळ्या लिहाव्यात.

क्लायंटमध्ये बदल करता येत नसेल तर

जुनी उपकरणे, औद्योगिक नियंत्रक, तिसऱ्याच कोणी लिहिलेले ॲप अशा ठिकाणी क्लायंटला हात लावता येत नाही आणि सर्व्हर बदलला तरी तेच टीसीपी कनेक्शन पुढे चालू ठेवण्याची मागणी होते. हे शक्य आहे, पण कष्टाचे आहे. लिनक्समध्ये सॉकेटची अंतर्गत स्थिती, म्हणजे क्रमांक, खिडकीचे आकार आणि रांगेतला डेटा, बाहेर काढून दुसऱ्या यंत्रावर तशीच बसवण्याची सोय आहे आणि क्रिउ हे साधन चालू प्रक्रिया गोठवून दुसरीकडे उठवताना तीच वापरते. नवीन यंत्राला जुनाच आयपी पत्ता द्यावा लागतो, किंवा मार्गातल्या यूपीएफने पत्ता बदलून द्यावा लागतो, टीएस २३.५४८ मध्ये एज सर्व्हरचा पत्ता बदलून देण्याची ही दुसरी पद्धतही नमूद आहे. प्रक्रिया गोठलेली असताना जुन्या यंत्राच्या कर्नेलने चुकूनही रीसेट पाठवू नये म्हणून त्या कनेक्शनची पॅकेटे तेथे फायरवॉलने अडवावी लागतात. हे विसरले की गोठवलेले कनेक्शन नव्या जागी उठण्यापूर्वीच संपते.

मी हा मार्ग शेवटचा मानतो. टीएलएसच्या किल्ल्या, कर्नेलची आवृत्ती, लायब्ररीची आवृत्ती, सगळे तंतोतंत जुळावे लागते आणि एका अद्यतनाने ते बिघडू शकते. शक्य असेल तेथे क्लायंटसमोर एक स्थिर प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) ठेवून त्याच्यामागचा सर्व्हर बदलणे सोपे आणि टिकाऊ ठरते. त्यात अंतर थोडे वाढते, पण तक्रारी थांबतात.

क्विक वापरले म्हणजे प्रश्न मिटतो का

अर्धाच मिटतो. मे २०२१ मध्ये आरएफसी ९००० म्हणून प्रसिद्ध झालेल्या क्विक या टीसीपीला पर्यायी प्रोटोकॉलमध्ये कनेक्शनची ओळख आयपी पत्त्यावर नव्हे तर कनेक्शन आयडीवर बेतलेली आहे. त्यामुळे फोनचा पत्ता बदलला तरी कनेक्शन चालू राहते; नवा मार्ग खरा आहे की नाही हे आव्हान आणि उत्तर अशा दोन फ्रेमनी तपासले जाते. पण स्थलांतराचा अधिकार फक्त क्लायंटला आहे. सर्व्हरला आपला दुसरा पत्ता सांगण्याची संधी हँडशेकमध्ये एकदाच मिळते आणि नंतर मध्येच ‘मी दुसरीकडे गेलो’ असे सांगता येत नाही. म्हणून सर्व्हर हलणार असेल तर लोड बॅलन्सरने (आलेली पॅकेटे अनेक सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या घटकाने) कनेक्शन आयडी पाहून पॅकेट योग्य यंत्राकडे द्यावे लागते आणि त्या यंत्रावर कनेक्शनची स्थिती असावी लागते. पत्ता आणि पोर्ट यांच्यावरून वाटप करणारा साधा लोड बॅलन्सर क्विकच्या पुढे ठेवला, तर फोनचा पत्ता बदलताच पॅकेटे भलत्याच सर्व्हरकडे जातात आणि क्विक असूनही कनेक्शन तुटते. ही चूक फार सर्रास दिसते.

भलत्या सर्व्हरकडे पॅकेट गेल्यावर काय होते हेही तपासावे. सगळ्या सर्व्हरकडे स्टेटलेस रीसेटची (कनेक्शनची स्थिती ठाऊक नसतानाही पाठवता येणाऱ्या रीसेटची) किल्ली एकच असेल तर क्लायंटला तत्काळ कळते की कनेक्शन संपले. किल्ल्या वेगवेगळ्या असतील तर तो ते रीसेट ओळखू शकत नाही आणि निष्क्रियतेची मुदत संपेपर्यंत ताटकळतो. आणखी एक बाब, क्लायंटचा पत्ता बदलल्यावर क्विक गर्दी नियंत्रणाचे मोजमाप नव्याने सुरू करते, म्हणून वेग काही काळ कमी होणे अपेक्षितच आहे.

सत्राची स्थिती: मूळ काम येथे आहे

टीसीपी असो वा क्विक, नव्या सर्व्हरला वापरकर्ता कुठवर आला आहे हे माहीत नसेल तर कनेक्शन टिकूनही सेवा तुटते. म्हणून मी नेहमी सुचवतो की कनेक्शन वाचवण्यापेक्षा सत्र वाचवण्यावर अधिक मेहनत घ्यावी. सत्राला स्वतःचा ओळख क्रमांक द्यावा, प्रत्येक संदेशाला अनुक्रमांक द्यावा, आणि पुन्हा जोडताना क्लायंटने ‘अमुक सत्र, अमुक क्रमांकापर्यंत मिळाले’ एवढे सांगितले की नव्या सर्व्हरने तेथून पुढे चालू करावे. ज्या आज्ञेचा परिणाम होतो, जसे की पैसे वळते करणे किंवा यंत्राचा हात हलवणे, तिला वेगळा क्रमांक द्यावा, म्हणजे तीच आज्ञा दोनदा पोहोचली तरी अंमल एकदाच होईल.

स्थिती नेताना तिचे दोन भाग करावेत. नकाशा, प्रशिक्षित मॉडेल, चित्रांचा साठा असे सगळ्यांना लागणारे मोठे साहित्य नव्या जागी आधीच नेऊन ठेवावे. ऐन वेळी फक्त त्या वापरकर्त्याची छोटी स्थिती हलवावी. २०० मेगाबाइट १ गिगाबिट वेगाच्या लिंकवरून न्यायला किमान १.६ सेकंद लागतात, तर ५० किलोबाइटला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही. पहिला आकडा वापरकर्त्याला जाणवतो, दुसरा जाणवत नाही. सेवा संथपणे हलते अशी तक्रार असेल तेथे मी लिंकचा वेग वाढवण्याआधी काय काय हलवले जाते याची यादी मागतो.

एकाच सत्राचे दोन सर्व्हर एकाच वेळी मालक होणे हा धोका त्याहून मोठा आहे. जुना सर्व्हर अजून जिवंत आहे, नवा सुरू झाला आहे, आणि दोघेही त्याच नोंदीत लिहीत आहेत, अशी वेळ आली की नुकसान कायमचे होते. प्रत्येक स्थलांतराबरोबर वाढणारा एक पिढी क्रमांक ठेवावा आणि साठवणुकीने जुन्या पिढीचे लेखन सरळ नाकारावे. जुना सर्व्हर कितीही उशिरा जागा झाला तरी मग त्याला काही बिघडवता येत नाही.

टीएलएससाठी सेशन तिकिटाच्या (आधीची जोडणी झटपट पुन्हा सुरू करू देणाऱ्या तिकिटाच्या) किल्ल्या सर्व एज सर्व्हरमध्ये सामाईक असाव्यात आणि नियमितपणे बदलल्या जाव्यात. नाहीतर प्रत्येक स्थलांतरानंतर पूर्ण हँडशेक होतो. टीएलएस १.३ मधला शून्य फेरीचा डेटा, म्हणजे हँडशेक पूर्ण होण्याआधीच पाठवलेला डेटा, मात्र मोहात पाडतो. तो कोणी टिपून जसाच्या तसा पुन्हा पाठवू शकतो आणि अनेक सर्व्हर असलेल्या रचनेत ते ओळखणे अधिक अवघड असते, म्हणून त्यातून फक्त निरुपद्रवी वाचनाच्या विनंत्याच पाठवाव्यात.

मुळात हलवायला हवे होते का

फायबरमध्ये प्रकाशाला एक किलोमीटर जायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे सर्व्हर १०० किलोमीटर मागे राहिला तरी जाऊन येण्याच्या वेळेत केवळ १ मिलिसेकंदाची भर पडते. मधल्या राउटरांचा वेळ त्यात मिळवावा लागतो, पण तोही मोजता येतो. ५० मिलिसेकंदांचा विलंब चालणाऱ्या सेवेचे सत्र पाच मिनिटांत संपणार असेल तर ते हलवण्यात काय मिळवले? अशा सत्रांना जुन्याच सर्व्हरवर संपू द्यावे आणि नवी सत्रे नव्या सर्व्हरवर उघडावीत. दोन क्षेत्रांच्या सीमेवर ये-जा करणाऱ्या वापरकर्त्यासाठी तर हे आवश्यकच आहे. तेथे एकदा हलवल्यावर ठरावीक काळ परत न हलवण्याचा नियम आणि स्पष्ट फायदा दिसल्याशिवाय निर्णय न घेण्याची मर्यादा ठेवली नाही तर सेवा दोन सर्व्हरांमध्ये हेलपाटे घालत राहते. ठरावीक पट्ट्यातच येणाऱ्या तक्रारींमागे असे हेलपाटे अनेकदा निघतात, आणि तेव्हा दुरुस्ती निर्णयाच्या मर्यादेत असते, प्रोटोकॉलमध्ये नव्हे.

दुरुस्ती झाली हे कसे ठरवावे

एकदा गाडी फिरवून आणणे आणि ‘आता तुटत नाही’ म्हणणे पुरेसे नाही. चाचणीत क्लायंटने ठरावीक अंतराने अनुक्रमांक असलेले छोटे संदेश पाठवत राहावे आणि दोन्ही दिशांना तीन गोष्टी नोंदवाव्यात: सर्वांत मोठी शांतता किती मिलिसेकंदांची होती, कोणते क्रमांक हरवले आणि कोणते दोनदा पोहोचले. हरवलेल्या संदेशांकडे सगळ्यांचे लक्ष जाते. दोनदा पोहोचलेल्यांकडे जात नाही, आणि पुन्हा पाठवण्याची व्यवस्था नीट बसल्यावर नवे दोष तेथेच येतात.

चाचणी करताना क्रम मुद्दाम बिघडवून पाहावा. नवा सर्व्हर उशिरा तयार होऊ द्यावा, स्थितीची पावती अडवून ठेवावी, मार्ग वळल्यावर लगेच जुना सर्व्हर बंद करावा, स्थलांतर अर्ध्यात असताना फोन पुन्हा जुन्या क्षेत्रात न्यावा. शेवटचा प्रकार बहुतेक योजनांमध्ये लिहिलेलाच नसतो. त्या वेळी स्थलांतर पुढे न्यायचे की रद्द करायचे, आणि रद्द केले तर पिढी क्रमांक कोणाकडे राहील, हे आधी ठरवून कोडमध्ये बसवलेले असावे. ॲप्लिकेशन फंक्शनचा होकार वेळेत आला नाही तर एसएमएफ किती काळ थांबणार आणि त्यानंतर जुना मार्ग ठेवणार की नवा लादणार, हेही ऑपरेटरकडून लेखी घ्यावे, कारण त्या मुदतीवरच ॲप्लिकेशनने स्थिती नेण्याची आपली मुदत बेतायची असते.